टीम बांधताना या चुका टाळा : हुशार माणसं असूनही काम का अडतं?

साच्यात धातू ओतून केलेलं कास्टिंग कापायला मशीनवर चढतं, पहिला कट लागतो आणि आत ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या वायूचं भोक, दिसतं. अशा वेळी पहिला ओरडा बसतो तो ओतणाऱ्याला. पण वाळूत ओल जास्त असते, कोअर (भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) नीट भाजलेला नसतो, साच्यातून वायू बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते, नाहीतर धातू भट्टीपासून साच्यापर्यंत येता येता थंड झालेला असतो. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या कामात माझी बावीस वर्षं गेली. भोकाचं कारण चार ठिकाणी शोधायचं, हे मी पहिल्या दोन वर्षांत शिकलो. माणसाचं काम बिघडलं तर तिथंही कारण चार ठिकाणी शोधावं लागतं, हे कळायला मात्र फार वर्षं गेली आणि तोवर काही चांगल्या माणसांचं नुकसान माझ्या हातून झालं. म्हणून हे लिहितोय. कारखान्यातल्या सुपरवायझरला, बचत गट चालवणाऱ्या ताईंना, मंडळाच्या पोरांना, कुणालाही उपयोगी पडेल.

चांगला कारागीर दिसला की त्याला मुकादम करणं

आमच्याकडे एक मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, मामा होते. मिक्सरमधून वाळू बाहेर आली की मूठभर उचलायचे, घट्ट दाबायचे, मग तो मुटका मधोमध मोडून त्याच्या कडा बघायचे. कडा धारदार राहिल्या, हाताला वाळू चिकटली नाही, तर वाळू बरोबर. कडा ढासळल्या तर ओल कमी. बेंटोनाइट ही चिकणमाती घातलेल्या ओल्या वाळूत (फाउंड्रीत तिला हिरवी वाळू म्हणतात) साधारण तीन ते चार टक्के ओल लागते. ती मोजायचं यंत्र लॅबमध्ये होतं, पण मामांची मूठ यंत्राच्या आधी सांगायची. "मामा, सोडू का वाळू?" असं विचारलं की म्हणायचे, "अजून दोन फेऱ्या फिरू दे की, घाई कशाला?"

शिफ्ट इनचार्जची जागा रिकामी झाली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी मामांचंच नाव होतं. मीही शिफारस केली. सहा आठवड्यांत काम विस्कटलं. पोराचा साचा वाकडा दिसला की मामा त्याला बाजूला सारून स्वतः नीट करायचे. पोरं उभी राहून बघायची. हजेरीचं रजिस्टर कोरं, पुढच्या शिफ्टला निरोप नाही, दोघांचं भांडण झालं तर मामा तिथून निघून जायचे. त्यात पावसाळा आला. उघड्यावरची वाळू ओली झाली, ब्लोहोल वाढले आणि ज्याच्या मुठीला ते आधी कळलं असतं तो माणूस ऑफिसात रजेचे अर्ज बघत बसला होता. मोल्डर हातचा गेला आणि इनचार्जही मिळाला नाही.

मालकांचं म्हणणं होतं, मामांना परत खाली आणा. 'खाली' या शब्दातच सगळी अडचण होती. पगार आणि मान तसाच ठेवून आम्ही त्यांच्याकडे दोन्ही शिफ्टची वाळू आणि कोअर तपासायचं काम दिलं, हाताखाली शिकायला दोन पोरं दिली. शिफ्ट गेली दुसऱ्याकडे. त्याचा स्वतःचा साचा बेताचाच असायचा. पण कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण कुणाशी बोलत नाही, कुठल्या लाइनला साच्याच्या पेट्या कमी पडणार, हे त्याला सकाळी सात वाजताच ठाऊक असायचं. घडी बसायला तीन महिने लागले. मामांच्या मनाला लागलेलं निघायला त्याहून जास्त लागले आणि तो दोष माझा होता.

जागा देण्याआधी चाचणी घ्या. इनचार्ज रजेवर असताना पंधरा दिवस काम सांभाळायला द्या आणि त्या दिवसांत त्याच्या हाताखालची माणसं कशी वागतात तेवढंच बघा. दुसरं म्हणजे, हाताच्या कौशल्याला पगारवाढीची वेगळी वाट ठेवा. मुकादम झाल्याशिवाय चार पैसे वाढत नसतील, तर मनात नसलं तरी माणूस मुकादमी मागणारच.

भाषेवरून अकलेचा अंदाज बांधणं

आपल्या सीमाभागात ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. एका शेडमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी-उर्दू चालते, ग्राहकाचे मेल इंग्रजीत येतात, सरकारी कागद कन्नडमध्ये. बहुतेकांना दोन-तीन भाषा कामापुरत्या येतात. पण कामापुरती येणं वेगळं आणि मीटिंगमध्ये चारचौघांसमोर मुद्दा मांडता येणं वेगळं.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे होता. शाळा मराठी माध्यमातली, नंतर आयटीआय. मीटिंगमध्ये भिंतीला टेकून उभा राहायचा, तोंड उघडायचा नाही. माझ्या वहीत त्याच्या नावापुढं मीच लिहिलं होतं, 'पुढाकार घेत नाही.'

एकदा पंपाच्या केसिंगची भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ येऊ लागली. ग्राहकाचे इंजिनियर आले. केबिनमध्ये चाळीस मिनिटं इंग्रजी आणि कन्नडमध्ये चर्चा झाली आणि सगळे धातूच्या मिश्रणावरच अडून बसले. मी बाहेर आलो तर हा पोरगा कापलेल्या केसिंगजवळ उकिडवा बसलेला, हातात खडू. त्यानं तीन रेघा मारल्या. कोअर कुठं बसायला हवा ती एक, प्रत्यक्षात कुठं बसतोय ती दुसरी, आणि तिसरी वर जाणारा बाण. म्हणाला, "साहेब, पॅटर्नची प्रिंट झिजलीय. साच्यात कोअरची बैठक उथळ पडतेय, कोअर धरत नाही. धातू भरला की तो वर उचलतोय बघा." खरंच होतं ते. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावर वाळू दाबून साचा काढतात तो नमुना, आणि प्रिंट म्हणजे साच्यात कोअरची बैठक उमटवणारा त्याचा भाग. वितळलेलं लोखंड वाळूच्या कोअरपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे कोअर घट्ट धरलेला नसेल तर तो वर तरंगणारच.

"आत का बोलला नाहीस?"

"आत कन्नड नि इंग्लिश चाललं होतं की साहेब. चुकलो तर हसतील वाटलं."

पॅटर्न दुरुस्त केला, जाडी जागेवर आली. ती वहीतली ओळ मी त्याच दिवशी खोडली. आणखी किती जणांच्या नावापुढं असंच काहीतरी लिहिलंय, ते बघायला पानं उलटायला लागलो. पॅकिंगमध्ये बैलहोंगलकडच्या एक अक्का होत्या. आमच्या मराठी घोळक्यात त्या गप्प असायच्या, म्हणून त्यांना आम्ही 'मिसळत नाहीत' असं ठरवून टाकलं होतं. कन्नड बोलणाऱ्या बायकांत त्याच अक्का सगळ्या लाइनचं काम वाटून द्यायच्या.

यावर आम्ही केलेले उपाय साधे आहेत. बिघाडाची चर्चा केबिनमध्ये न करता त्या मालाजवळ उभं राहून करायची, म्हणजे बोट दाखवूनही मुद्दा मांडता येतो. मीटिंगच्या आदल्या दिवशी गप्प राहणाऱ्याला एकट्याला गाठून विचारायचं. ज्याला ज्या भाषेत सुचतं त्या भाषेत बोलू द्यायचं, शेजारच्यानं दुसऱ्यांना सांगायचं. वेळ थोडा जास्त जातो, पण खोट्या निदानात जाणाऱ्या वेळापेक्षा तो कमीच.

याची दुसरी बाजूही आहे. एखाद्याला कन्नड लिहिता-वाचता चांगलं येतं, मग पंचायतीचा कागद त्याच्याकडे, तहसीलदार कचेरीतली खेप त्याच्याकडे, लेबर ऑफिसचा अर्ज त्याच्याकडे. आमच्या लेथवरच्या एका उत्तम ऑपरेटरचे आठवड्यातले दोन दिवस असेच जायचे आणि वर्षाअखेरीस त्याचं उत्पादन कमी म्हणून बोनसही कमी. माणसाच्या एका गुणावर सगळ्यांनी मिळून ओझं टाकलं की त्याचा दुसरा गुण मारला जातो. कागदाचं काम हे काम म्हणून मोजा, नाहीतर ते वाटून घ्या.

दोष काढून फक्त गुण ठेवायला बघणं

ब्रिटिश अभ्यासक मेरेडिथ बेल्बिन यांनी हेन्ली इथल्या मॅनेजमेंट कॉलेजात अनेक वर्षं टीम कशा चालतात याचा अभ्यास केला आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडले. टीममध्ये माणसं वेगवेगळ्या भूमिका घेतात. आधी त्यांनी आठ सांगितल्या, पुढे नववी जोडली. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे प्रत्येक भूमिकेच्या गुणासोबत त्यांनी चालवून घेण्याजोगा एक दोषही लिहिला आहे. नवं सुचणारा माणूस बारीकसारीक गोष्टी विसरतो. शेवटपर्यंत काम तडीस नेणारा उगाच काळजी करतो, दुसऱ्यावर सोपवत नाही. सगळ्यांत हुशार माणसं निवडून त्यांनी टीम केल्या, तर त्या बऱ्याचदा मागे पडल्या. एकमेकांचे मुद्दे खोडण्यातच त्यांचा वेळ गेला.

आमचे तपासणीवाले अण्णा असेच. गाडी लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि अण्णा गेज हातात घेऊन अजून एक नग मोजणार. डिस्पॅचवाले वैतागायचे, "सोडा की अण्णा, उशीर होतोय." त्यांचा किचकटपणा घालवायचा आम्ही प्रयत्न केला, तेव्हा त्यांची तपासणीही ढिली झाली. शेवटी गाडीची वेळ आम्ही दोन तास पुढे ढकलली आणि अण्णांना तसंच राहू दिलं.

शिवरायांच्या अष्टप्रधानांकडे बघा. बहुतेक प्रधानांना कारभाराबरोबर प्रसंगी मोहिमेवरही जावं लागे, पण पंडितराव आणि न्यायाधीश यांना त्यातून मोकळीक होती. न्यायनिवाडा करणाऱ्यानं तलवारही गाजवली पाहिजे असा हट्ट तिथं नव्हता. आपण मात्र प्रत्येकाकडून सगळंच मागतो.

एक सावधानता हवी. चालवून घ्यायचा दोष कुठला आणि न चालवायचा कुठला, ही रेघ आधी ठरवा. अण्णांचा उशीर चालतो. रीडिंग न घेता रजिस्टर भरणं चालत नाही, माणूस कितीही गुणी असो.

'आपण सगळे मिळून बघू'

वैशाखातल्या शिवजयंतीची आपल्याकडची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. एका वर्षी आमच्या गल्लीच्या देखाव्यात मावळे तयार, पोशाख सुरेख, निवेदकाचा आवाज दमदार, आणि ऐन रस्त्यात जनरेटर बंद पडला. डिझेल संपलं होतं. ग्रुपवर पंचवीस जण होते आणि 'डिझेलचं बघूया' या मेसेजला अकरा अंगठे आले होते.

फ्रेंच शेतकी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढायला लावून माणसांचा जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. माणसं वाढत गेली तसा माणशी जोर कमी होत गेला, आठ जणांत तो जवळपास निम्म्यावर आला. थोडा जोर एकमेकांचा मेळ न बसल्यामुळे वाया जातो, थोडा 'बाकीचे आहेत की' या भावनेनं. त्यामुळे प्रत्येक कामापुढं एकच नाव हवं आणि ते नाव स्वभाव बघून ठरलेलं हवं. डिझेल, वायर, फ्यूज हे काम आता आमच्याकडे गल्लीतल्या एका अबोल वायरमनकडे असतं. त्याला माईकवर कधी कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून तो कुणाच्या लक्षातच नव्हता.

सुगीच्या सुट्टीला आळस समजणं

येळ्ळूर, देसूर, मच्छे, खानापूरकडची आमची निम्मी माणसं घरी भात पिकवतात. लावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत हजेरी घटणारच, गावची यात्रा असली तर घटणारच. या चार आठवड्यांवरून कुणाला 'बेभरवशाचा' म्हणू नका. वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा विचारून घ्या आणि ज्यांच्या घरी शेती नाही त्यांची पाळी तेव्हा लावा. ते लोक दिवाळीत मोकळीक मागतात, ती द्या.

दोष चारचौघांत सांगणं

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. पुढे उलगडा झाला, की त्या टीममध्ये चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. मामा ज्या दिवशी माझ्यापासून वाळूची अडचण लपवायला लागले, तो दिवस मला आजही आठवतो. आदल्या दिवशी मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो होतो.

माझ्या पत्नीच्या बचत गटात मला याचा चांगला नमुना बघायला मिळाला. हिशेब सांभाळणाऱ्या अक्कांच्या वहीत दोन महिने बेरीज चुकली. ओरडा न करता अध्यक्ष वैनी त्यांच्या घरी गेल्या, चहा घेतला आणि विचारलं, "अक्का, लिहायला अवघड जातंय काय?" अक्कांना आकडे मांडताना अडचण होती, पण कुणी कुठला हप्ता दिला, कुणाचा राहिला, हे सगळं तोंडपाठ. आता बैठकीत अक्का तोंडानं सांगतात आणि कॉलेजला जाणारी एक सून लिहिते. शेवटी दोघी एकेक ओळ मोठ्यानं वाचतात, मगच वही मिटते.

बिघाड झालाच असेल तर

माणूस बदलायच्या आधी चार गोष्टी तपासा. हे काम त्याला कुणी शिकवलं होतं का? पूर्वी तो हेच काम नीट करत होता का, आणि मग मध्ये काय बदललं? त्याला लागणारी वस्तू, माहिती, वेळ वेळेवर मिळते का? आणि हेच काम त्याच्या जागी दुसऱ्याला दिलं तर तोही तिथंच अडतो का? चौथ्याचं उत्तर 'हो' आलं तर माणसाला मोकळा सोडा, कामाची रीत तपासा.

माझ्या वहीत आता प्रत्येकाला एक पान आहे. त्यावर विशेषण लिहायचं नाही असा नियम मी स्वतःला घातलाय. तारीख आणि घडलेली गोष्ट तेवढी लिहायची. 'आळशी' लिहायला एक क्षण पुरतो. 'मंगळवारी तीन पेट्या कमी, वाळू उशिरा आली' हे लिहायला शेडमध्ये जाऊन विचारावं लागतं. नवा माणूस आला किंवा एखादा गेला, की सगळी पानं पुन्हा वाचतो, कारण एक जण हलला की शेजारच्या दोघांचं काम बदलतं. पान लिहून झालं की त्या माणसाला वाचून दाखवतो. मामांनी त्यांचं पान ऐकलं आणि म्हणाले, "त्या दोन पोरांची पानं मला लिहू दे की."