पिंजरा टांगण्याआधी कागदाची पट्टी धरा
पुणे-नाशिककडे डिसेंबरात दुपारी २८ अंश, पहाटे १०-१२. बजरीगरला (बाजारात ज्याला सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो) नुसत्या थंडीपेक्षा हा अचानक फरक आणि वाऱ्याचा झोत जास्त बाधतो. टिश्यू पेपरची पातळ पट्टी पिंजऱ्याच्या चारी बाजूंना धरून बघा. फडफडली तर जागा बदला. खिडकी, एसी, पंखा यांच्या समोर नको, आतल्या भिंतीला टेकवून ठेवा. रात्री तीन बाजूंनी सुती चादर, समोरची बाजू उघडी. ऊब मिळते म्हणून स्वयंपाकघरात मात्र अजिबात ठेवू नका, जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा वायू पक्ष्याला मारतो. दिवसाही पिसं फुगवून, डोळे मिटून बसला असेल तर चादरीवर विसंबू नका, पशुवैद्याकडे न्या.