सिंगल एन्ट्री शेंगेन आणि मध्येच लंडन: गुंता असा सुटला

तिकिटं पॅरिस, लंडन, मग ॲमस्टरडॅम अशी, आणि शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा; ब्रिटन त्यात नाही) प्रवेशांच्या रकान्यात '०१', म्हणजे एकदाच प्रवेश. हा क्रम चालत नाही. युरोस्टार रेल्वेने लंडनला निघताना पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकातच फ्रेंच अधिकारी बाहेर पडल्याची नोंद करतात. एकुलता एक प्रवेश तिथेच संपतो. परतीच्या गाडीतही मग चढू देत नाहीत.

लंडन सुरुवातीला घेतलं, पॅरिस-ॲमस्टरडॅम सलग ठेवलं, आणि प्रश्न मिटला. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतोच. क्रम बदलताना ज्या देशाने व्हिसा दिला तिथल्या रात्री मात्र कमी करू नका. लंडन मध्येच हवं असेल, तर आधी ब्रिटनचा व्हिसा काढा, त्याची प्रत जोडा आणि शेंगेनच्या अर्जातच 'मल्टिपल' (एकाहून जास्त प्रवेश) मागा. शेंगेनबाहेरच्या आयर्लंड, सर्बिया, अल्बानियालाही हेच लागू; क्रोएशिया मात्र २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे.

स्टिकरवरचे दिवसही नीट वाचा, लोक इथेच फसतात. वैधता २७ दिवसांची दिसली तरी मुक्काम १२ दिवसांचाच असू शकतो, आणि त्यात येण्याचा नि जाण्याचा दोन्ही दिवस धरतात.