एक एकर, भात आणि आगर: कोकणात मिश्र शेती कशी बसवावी

घरात वर्षभर लागणारं भात आणि कडधान्य आधी, बाजाराचं पीक नंतर. मिश्र शेतीचा आराखडा या क्रमाने आखावा. सगळी जागा आंबा-काजूच्या कलमांना दिली आणि मोहरावर अवकाळी पाऊस पडला, की पैसाही नाही आणि तांदूळही विकतचा, अशी पाळी येते. ४० गुंठ्यांपैकी १५ गुंठे भाताला, २० आगराला (नारळ-मसाल्याच्या बागेला) आणि ५ गुंठे गोठा, खतखड्डा, परसातली भाजी यांना, ही वाटणी दापोली-गुहागरकडच्या बहुतेक जमिनींना बसते. कातळ असेल तर आगराचा हट्ट धरू नका. सुरुंग लावून खड्डे काढण्याचा खर्च लवकर निघत नाही. तिथे कोकम आणि काजू बरे.

भाताचं वाण हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं घ्या, ११० ते १२० दिवसांचं. गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताला उतारा जास्त असला तरी ते शेत उशिरा मोकळं करतं आणि तोवर जमिनीतला ओलावा उडालेला असतो. तो ओलावाच पुढचं कडधान्य पिकवणार आहे.

लावणी चारसूत्री पद्धतीने, म्हणजे राख, हिरवा पाला, नेमकं अंतर आणि खताची गोळी या चार गोष्टी सांभाळून करा. रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. लावणीच्या आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला ३० किलो, म्हणजे १५ गुंठ्यांना साडेचारशे किलो, चिखलात गाडा. एवढा पाला ऐनवेळी मिळत नाही. दोन वर्षं आधीपासून बांधावर गिरिपुष्प लावून ठेवावा लागतो. लावणी दोरीवर, १५ आणि २५ सेंटिमीटर अशी आलटून-पालटून, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) दोन-तीन रोपं. मग १५ सेंटिमीटरच्या चौकोनातल्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी ब्रिकेटची, म्हणजे ही दोन खतं दाबून केलेली, २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. गुंठ्याला ६२५ गोळ्या लागतात, १५ गुंठ्यांना सुमारे २५ किलो.

चूक बहुतेक या गोळीतच होते. वरवर टाकलेली गोळी पाण्यात विरघळते, नत्र वाया जातं आणि शेतात शेवाळ माजतं. त्यामुळे लावणीच्या दिवशीच, पाणी कमी करून, गोळी हाताने दाबा. पिशवी उघडी ठेवली तर पावसाळी हवेत गोळ्यांचा भुगा होतो, म्हणून रोज लागतील तेवढ्याच बाहेर काढा.

कापणी झाली की दोन-चार दिवसांत नांगरट आणि पेरणी उरका. कुळीथ गुंठ्याला २०० ते २५० ग्रॅम, चवळी १५० ते २०० ग्रॅम. चवळीत ‘कोकण सदाबहार’ साधारण दोन महिन्यांत निघते. किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत चोळून सावलीत सुकवा. कडवे वाल ज्या शेतात ओल जास्त टिकते तिथे. पेरणी आठवडाभर लांबली तरी वरचा थर टणक होतो आणि उगवण विरळ येते. मग बियाणं वाईट होतं, असा दोष दुकानदाराला दिला जातो.

रब्बीचं खरं संकट मोकाट गुरं. कापणीनंतर गुरं सोडायची रीत गावोगाव आहे, आणि एकट्याने पेरलेला कुळीथ रातोरात फस्त होतो. त्यामुळे हा निर्णय वाडीने बसून घ्यायचा: लागून असलेले दहा-पंधरा दळे (शेताचे तुकडे) सगळ्यांनी पेरायचे, बाहेरून एकच कुंपण, राखणीची पाळी ठरवायची. त्याच बैठकीत वनराई बंधाऱ्याचा, म्हणजे ओढ्यावरच्या तात्पुरत्या बांधाचा दिवसही ठरवा. ओढ्याची धार कमी झाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, तोंड शिवून, सांधे चुकवत रचायच्या. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

आता आगर. नारळ साडेसात मीटर अंतरावर, म्हणजे २० गुंठ्यांत ३५ झाडं. खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल. पहिली सात-आठ वर्षं मधल्या जागेत ऊन असतं, तेव्हा केळी, अननस, हळद घ्या. पुढे सावली दाटते, आणि झाडं पंचवीस वर्षांची झाली की परत ऊन उतरतं. चार नारळांच्या मधोमध जायफळ, दोन नारळांमध्ये दालचिनी, खोडावर मिरी. जायफळाची कलमंच घ्या; बियांच्या रोपांत निम्मी नर निघू शकतात आणि ते फुलावर आल्यावरच, काही वर्षांनी कळतं. मादी कलमं असतील तर दहाला एक नर हवा. मिरी पन्नियूर-१ जातीची, खोडाच्या उत्तर किंवा पूर्व अंगाला. चार मीटरच्या वर जाऊ देऊ नका आणि पाडेल्याला (नारळ उतरवणाऱ्याला) चढायला एक बाजू मोकळी ठेवा, नाहीतर तो फिरकणार नाही. बुंध्यात पाणी साचलं की मिरीचा वेल पावसाळ्यात अचानक मरतो. चर काढा आणि पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक फवारा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी.

पूर्ण वाढलेल्या नारळाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट, दोन किलो पोटॅश. रासायनिक खतं जून, ऑक्टोबर, फेब्रुवारीत विभागून. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. गोठ्यामागच्या जुन्या उकिरड्यातच गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात, आणि त्याने पोखरलेल्या जागी सोंड्या भुंगा शिरतो. खतखड्डा वरचेवर उलथून अळ्या वेचा. कोंबड्या हे काम फुकट करतात.

माकडांचा त्रास असलेल्या गावात केळी-भाजी घराजवळ ठेवा आणि लांबच्या कोपऱ्यात हळद, मिरी, दालचिनी. यांना ती सहसा तोंड लावत नाहीत.

माल कच्चा विकू नका. घोसातले एक-दोन मणी लाल झाले की मिरी तोडा, मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. शंभर किलो हिरव्या मिरीची सुमारे ३३ किलो काळी मिरी होते. जायफळाची मोठी तोडणी ऐन पावसात येते आणि जायपत्रीला (जायफळाच्या बीवरच्या लाल जाळीला) लगेच बुरशी धरते, म्हणून चुलीवर वाळवणासाठी धूर न लागणारी मांडणी आधीच करा. कुळीथ भाजून, भरडून, पाखडून केलेली पिठी अख्ख्या कुळथापेक्षा चांगल्या भावाने जाते, आणि ती आठवडा बाजारात बचत गटाच्या एकाच गाळ्यावर सगळ्या वाडीची मिळून विकली तर प्रत्येकाचं जाण्या-येण्याचं भाडं वाचतं.