तळपाण्याची क्षारता: तिसऱ्या दशांशातला बदल कसा पकडायचा

दक्षिण हिंदी महासागरातून अंटार्क्टिकापर्यंत उतरणाऱ्या आय-०८-एस या मोजणीरेषेवर १९९४, २००७ आणि २०१६ साली संशोधन जहाजं गेली. तळाशी पसरलेल्या अंटार्क्टिक पाण्याची क्षारता पहिल्या टप्प्यात दशकाला सुमारे ०.००२ आणि दुसऱ्या टप्प्यात सुमारे ०.००८ ग्रॅम प्रति किलो या वेगाने उतरली. उत्तम जहाजी मोजणीची अचूकता ०.००२ धरतात. दोन मोहिमांची तुलना केली की ही चूक ०.००३ च्या घरात जाते. म्हणजे नऊ वर्षांतला बदल सुमारे ०.००७ आणि चूक ०.००३. एवढ्या अरुंद जागेत काम करायचं असल्याने प्रत्येक पायरीवर चूक कोणत्या दिशेला ढकलते, हे माहीत हवं.

सगळ्यात जास्त चुका साध्या काचेच्या बाटलीत होतात. बाष्पीभवन झालं की नमुना खारट होतो. धुतलेल्या बाटलीतलं गोडं पाणी राहिलं किंवा डेकवर पावसाचे थेंब पडले की क्षारता उतरते. जुन्या मोहिमेच्या बाटल्या नीट बंद नसतील, तर ते पाणी होतं त्याहून खारट नोंदलं जातं आणि आजच्या चांगल्या मोजणीशी ताडल्यावर समुद्र गोडावल्याचा भास होतो. उलट आजची बाटली सैल असेल, तर खरा बदल झाकला जातो.

त्यामुळे २०० ते २५० मिलीच्या बाटल्या दोन मोहिमस्थानकांच्या (जहाज मोजणीसाठी थांबतं त्या जागांच्या) मध्ये कोरड्या ठेवू नका. आधीचं समुद्रपाणी थोडं आत राहू द्या, म्हणजे आतल्या बाजूला मिठाचे खडे धरत नाहीत. निस्किन बाटलीतून (हव्या त्या खोलीवर बंद करून पाणी वर आणणाऱ्या नळीतून) आधी वायूंचे नमुने, मग ऑक्सिजन, कार्बन, पोषकद्रव्यं आणि जवळजवळ शेवटी क्षारतेचा नमुना घेतात. जुनं पाणी ओता, नव्या पाण्याने झाकणासकट तीन वेळा खळखळून धुवा आणि खांद्यापर्यंतच भरा. काठोकाठ भरलेली बाटली पाणी तापून फुगलं की झाकण उचलते, शिवाय हलवून पाणी एकजीव करायला जागा उरत नाही. मान कोरडी पुसा, आतलं प्लास्टिकचं बूच बसवा, मगच झाकण घट्ट करा. मान ओली राहिली तर तिथे वाळलेलं मीठ बाटली उघडताना आत पडतं.

मोजण्याआधी बाटल्या निदान १२ तास, जमल्यास दिवसभर, सॅलिनोमीटरच्याच (क्षारता मोजणाऱ्या यंत्राच्या) खोलीत ठेवा. थंड पाण्यातून हवा सुटते, तिचे बुडबुडे मोजणीच्या कोशात (पाणी भरायच्या काचेच्या नळीत) चिकटतात आणि आकडा नाचू लागतो. तसं झालं तर कोश रिकामा करून पुन्हा भरा. आकडा स्थिरावेल म्हणून वाट पाहत बसू नका. ऑटोसॅल या सॅलिनोमीटरच्या टाकीचं तापमान खोलीपेक्षा एक-दोन अंश वर ठेवतात, उदाहरणार्थ खोली २२ ते २३ आणि टाकी २४ अंश सेल्सियस. खोलीचं तापमान अंशभरापेक्षा जास्त हललं तर त्या सत्राचे आकडे संशयास्पद समजा.

यंत्र दुप्पट वाहकता-गुणोत्तर दाखवतं, म्हणजे नमुन्याची वीज वाहण्याची क्षमता प्रमाण समुद्रजलाच्या (क्षारता ठाऊक असलेल्या कुपीबंद पाण्याच्या) तुलनेत किती, त्याची दुप्पट. त्यातला पाचवा दशांश एकाने बदलला की क्षारता सुमारे ०.०००२ ने बदलते. लागोपाठची दोन वाचनं ०.००००२ च्या आत जुळेपर्यंत कोश नव्याने भरत राहा. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रमाण समुद्रजलाची नवी कुपी फोडा. उघडून ठेवलेली कुपी तासाभराने प्रमाण राहत नाही. कुपीचा पी-क्रमांक (ती कोणत्या तुकडीची, ते सांगणारा) वहीत लिहायलाच हवा. वेगवेगळ्या तुकड्यांच्या प्रमाणजलात ०.००१ ते ०.००२ इतका फरक निघालेला आहे, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय दोन दशकांची तुलना करणं चूक. जुन्या अहवालात हा क्रमांक नसेल, तर त्या मोहिमेच्या त्रुटीपट्ट्यात तेवढी भर घाला.

सीटीडी (वाहकता, तापमान आणि खोली मोजत पाण्यात उतरणारं यंत्र) वर येताना नमुन्याच्या प्रत्येक खोलीवर थांबा, ३० सेकंद जाऊ द्या आणि मगच बाटली बंद करा. रोझेट (सीटीडीभोवतीची निस्किन बाटल्यांची चौकट) आपल्याबरोबर वरच्या दिशेने पाणी ओढत आणतो, ते निघून जायला हा वेळ लागतो. नंतर बाटलीच्या आकड्यांवरून सीटीडीची वाहकता दुरुस्त करा. क्षारता सरळ दुरुस्त करू नका, कारण बिघाड वाहकतेच्या कोशात असतो आणि दाबाबरोबर बदलतो. कोशात प्लवक अडकलं तर क्षारता एकदम उतरलेली दिसते. दुहेरी संवेदक लावण्याचं खरं कारण हेच: एक घसरला की दुसऱ्याशी फरक लगेच दिसतो.

जहाज नसेल तर आर्गो तरंग (आपोआप बुडून वर येत मोजणारी तरंगती यंत्रं) आहेत. भारतीय तरंगांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रातून मिळते. नेहमीचे तरंग २,००० मीटरपर्यंतच जातात, तळपाण्यासाठी ४,००० किंवा ६,००० मीटरचे खोल आर्गो लागतात. त्यांतला एक सापळा नीट समजून घ्या. दाबाने कोश आकुंचन पावतो, त्याच्या दुरुस्तीचा उत्पादकाने दिलेला नेहमीचा गुणांक उणे ९.५७ गुणिले १० चा उणे ८ वा घात आहे. खोल पाण्यात तो कमी पडतो, आणि ४,००० मीटरवर क्षारता ०.००५ किंवा त्याहून जास्त कमी दिसते. शोधायचा बदल याच दिशेचा आणि याच आकाराचा! म्हणून तात्काळ मिळणारी फाइल वापरू नका. विलंबित तपासणी (तज्ज्ञांनी नंतर सावकाश केलेली) झालेली घ्या, दुरुस्त केलेलाच क्षारता-स्तंभ वाचा आणि गुणवत्ता-खूण १ (म्हणजे 'चांगला') नसलेले आकडे बाजूला ठेवा. काही संवेदक लवकरच खारट बाजूला सरकतात. तो दोषही याच तपासणीत सापडतो.

तुलनेआधी दोन्ही आकडे एकाच मापात आहेत का पाहा. साठवलेली माहिती व्यावहारिक क्षारतेत, म्हणजे वाहकतेवरून काढलेल्या एकक नसलेल्या आकड्यात, असते. २०१० च्या टिओस-१० या आंतरराष्ट्रीय पद्धतीत निरपेक्ष क्षारता ग्रॅम प्रति किलोत येते. ३५ च्या आसपास या दोहोंत ०.१६५ चा फरक असतो. एकातून दुसरं वजा केलं तर शतकभराचा बदल एका रात्रीत झाल्यासारखा दिसेल.

आणि ४,००० मीटरचा आकडा ४,००० मीटरच्या आकड्याशी ताडू नका. तळपाण्याचा थर पातळ झाला की समतापरेषा (समान तापमानाच्या रेषा) खाली सरकतात आणि त्याच खोलीवर वेगळं पाणी येतं. त्या पाण्याचे गुण बदललेले नसतात. दोन्ही मोहिमांचे आलेख विभव तापमान (दाबाचा परिणाम वगळलेलं तापमान) आणि क्षारता या अक्षांवर काढा, आणि एकाच तापमानावर क्षारता किती सरकली ते मोजा. हा सरकलेला भाग म्हणजे पाण्याचा खरा बदल; समतापरेषांची उतरण वेगळ्या रकान्यात लिहा, कारण थर पातळ होणं हा अभिसरण (महासागरभर पाण्याचं खोलवर फिरणं) मंदावल्याचा स्वतंत्र पुरावा असू शकतो.

क्षारतेचं अभिसरणाशी नातं घनतेतून येतं. क्षारता ०.०१ ने उतरली की घनता दर घनमीटरला सुमारे ०.००८ किलोने कमी होते. पृष्ठभागाशी शून्य अंशाच्या पाण्यात तेवढीच घट तापमानाने घडवायची तर ते सुमारे ०.१५ अंशाने वाढावं लागेल. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात मीठच निर्णायक असतं ते यामुळे: बर्फ धरताना बाहेर पडणारं मीठ किनारी पाणी जड करतं आणि ते घसरत तळ गाठतं. फेब्रुवारी २०१० मध्ये अंटार्क्टिकातल्या मेर्ट्झ हिमनदीची जीभ तुटली, शेजारच्या उघड्या पाण्यातलं बर्फ तयार होणं घटलं आणि अडेली किनाऱ्याचं जड पाणी कमी खारट झालं. रॉस समुद्रात १९५८ ते २००८ या काळात जड किनारी पाण्याची क्षारता दशकाला सुमारे ०.०३ ने उतरली, पण २०१४ नंतर ती काही वर्षं पुन्हा चढली. २००७ आणि २०१६ या दोन बिंदूंतून रेषा ओढून पुढच्या पन्नास वर्षांचं भाकीत करणाऱ्या आलेखाला म्हणूनच थारा देऊ नका.

गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या दक्षिण महासागर मोहिमा २००४ पासून निघतात, त्यामुळे हे काम शिकायला फार दूर जावं लागत नाही. मात्र अरबी समुद्राच्या तळाशी हाच बदल शोधू नका. तिथलं पाणी दक्षिणेकडूनच, सोमाली खोऱ्यामार्गे येतं, पण वाटेत इतकं मिसळतं की उरलेला संकेत ०.००२ च्या अचूकतेत हरवून जातो.