कांदळाचं पोतं एकाच झाडाखाली भरू नका

पावसाळ्यात कोकणातल्या खाड्यांमध्ये कांदळ आणि तिवर या खारफुटीच्या झाडांच्या, म्हणजे कांदळाच्या शेंगा आणि तिवराची फळं पिकून गळतात. खारबंधाऱ्याबाहेरची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाबाहेरची) उघडी पट्टी भरून काढायची असो की बचत गटाची रोपवाटिका असो, बी गोळा करायचे दिवस हेच.

घाईत होतं असं, की होडी लावायला सोयीचं, शेंगांनी लगडलेलं एखादं झाड गाठायचं आणि त्याच्याच खाली पोतं भरायचं. अशी हजार रोपं लावली तरी ती एकाच आईची लेकरं. कांदळाचं परागण मुख्यतः वाऱ्यावर होतं, स्वपरागणही बरंच. शिवाय जड शेंग बहुधा आईच्या आसपासच रुतते. म्हणजे खाडीच्या एका कोपऱ्यातली झाडं आधीच नात्यातली. त्यात आपण आणखी सख्खी भावंडं घातली, तर कीड आली किंवा पाण्याचा खारेपणा बदलला की सगळी एकदमच माना टाकतील. भाताचं बियाणं पुढच्या वर्षी बदलता येतं, इथे तशी सोय नाही.

म्हणून निदान 20 ते 30 झाडांखालून थोडंथोडं बी घ्या. दोन झाडांत शक्यतो 50 ते 100 मीटर अंतर ठेवा. प्रत्येक झाडाच्या शेंगांची वेगळी जुडी बांधा, म्हणजे कुणाचं किती आलं ते दिसतं. पिशव्या भरताना मात्र जुड्या मिसळा. वाशिष्ठीच्या खाडीत लावायचं तर बी वाशिष्ठीतलंच घ्या, तेही मुखाकडचं मुखाकडे आणि वरच्या अंगाचं वरच्या अंगाला. पूर्व किनाऱ्यावरून स्वस्तात गाडीभर बी मिळतंय म्हणून आणणं मला तरी पटत नाही. एका खाडीतलं वाण दुसऱ्या खाडीतल्यासारखंच असेल असं धरून चालू नये.

शेंग पिकली की नाही, ते सांध्यावर बघा. वरचं तपकिरी फळ आणि खालची लांब हिरवी शेंग यांच्यामध्ये पिवळसर कडं दिसलं आणि हलक्या पिळानं शेंग सुटली, तर ती तयार. ओढावी लागली तर कच्ची. भोकं पडलेल्या, टोक मोडलेल्या शेंगा टाकून द्या, पण निव्वळ आखूड आहे म्हणून टाकू नका. चार-पाच दिवस सावलीत ठेवून लावल्यास खेकडे कमी कुरतडतात. पिशवीत किंवा चिखलात पाच-सात सेंटीमीटर रोवली की पुरे.

तिवराचं फळ रात्रभर पाण्यात ठेवलं की साल सुटते. ते पुरायचं नाही, ओल्या चिखलावर अलगद दाबायचं. फार दिवस टिकत नाही, आणलं की लावा. पांढऱ्या चिपीच्या (2020 पासून हा आपला राज्य कांदळवन वृक्ष) एकाच फळात बारीक बिया खच्चून असतात. दोन-चार फळांत वाफा भरतो आणि फसगत इथेच जास्त होते. फळंही बऱ्याच झाडांची घ्या.

कांदळवन बहुतेक ठिकाणी राखीव वन आहे. शिरण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी काढा. थेट खाडीत लावणार असाल तर अष्टमीच्या भांगाला (भरती कमी असते तेव्हा) लावा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात नवी शेंग उपटून जाते.