जुन्या सी प्रोग्राममधून ‘सीफ्री’ कसं काढावं

लातूरच्या एखाद्या आडत दुकानासाठी फार पूर्वी लिहिलेला, पट्ट्या काढायचा सी प्रोग्राम नव्या लिनक्सवर कंपाइल करायला घ्यावा आणि शेवटी लिंकरने (कोडचे तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या साधनाने) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू सीफ्री’ म्हणून अडवावं. यात कोड लिहिणाऱ्याची चूक नाही. ग्लिबसी ही लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या तिच्या २.२६ आवृत्तीपासून नव्या प्रोग्रामला सीफ्री हे मेमरी सोडायचं फंक्शन लिंक करता येत नाही. उबुंटू लिनक्सच्या १६.०४ वर ग्लिबसी २.२३ होती, १८.०४ वर २.२७ आली, म्हणून पहिल्यावर बनणारा कोड दुसऱ्यावर बनत नाही. आधी बनवून ठेवलेली बायनरी, म्हणजे कंपाइल झालेली फाइल, मात्र चालते, कारण तिच्यापुरतं जुनं सिम्बॉल (फंक्शनचं नाव) लायब्ररीत राखलेलं आहे. ‘कालपर्यंत तर चालत होतं की’ हे त्यामुळेच ऐकू येतं.

सीफ्री हे कॅलॉकने घेतलेली मेमरी सोडायचं फंक्शन. सीच्या स्टँडर्डमध्ये ते कधीच नव्हतं. मॅलॉक, कॅलॉक, रिअॅलॉक ही मेमरी घ्यायची फंक्शन्स; यातल्या कशानेही जागा घेतली तरी सोडायला फ्री पुरतं. ५०० कट्ट्यांची वजनं डबलमध्ये ठेवायला कॅलॉकने ४,००० बाइट घेतले, तरी फ्रीला नुसता पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, द्यायचा. आकाराची नोंद अॅलोकेटरकडेच, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या कोडकडेच, असते.

आधी फोल्डरची एक प्रत काढा. मग फाइलींमध्ये शब्द शोधणाऱ्या ग्रेप कमांडला आर, एन आणि डब्ल्यू हे पर्याय देऊन सीफ्री शोधा. डब्ल्यू विसरू नका, नाहीतर ज्या नावांच्या पोटात हा शब्द आहे तीही यादीत येतात. प्रत्येक ओळ डोळ्यांनी बघा. प्रोग्रामरने स्वतःच त्या नावाचं फंक्शन लिहिलेलं असेल, तर त्याला हात लावायचा नाही.

सीफ्रीच्या कंसात एकच आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली किंमत) असेल तर नाव बदलून फ्री केलं की झालं. तीन असतील, म्हणजे पॉइंटर, संख्या आणि आकार, तर तो कोड एससीओ युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वळणाचा आहे. तिथेही शेवटचे दोन आकडे वापरले जात नव्हते. ते काढून टाका. सरसकट मॅक्रोने (कंपाइल होण्याआधी एका शब्दाच्या जागी दुसरा घालणाऱ्या सूचनेने) सीफ्रीचं फ्री करायचा शॉर्टकट इथेच फसतो: फ्रीला तीन आर्ग्युमेंट मिळतात आणि कंपायलर नाकारतो. फाइलच्या वर एसटीडीलिब हेडर आहे ना, तेही बघा. नसेल तर जुना जीसीसी कंपायलर वॉर्निंगवर भागवतो, जीसीसी १४ थेट एरर देतो.

खरा वेळ जातो तो दुहेरी सोडण्यात. सीफ्री आणि फ्री ही वेगळी कामं समजून एकाच पॉइंटरवर दोन्ही लावलेली असतील, तर बदलानंतर तिथे फ्री, फ्री असं दिसेल. दुसरं काढा आणि पहिल्यानंतर पॉइंटरला नल द्या. मग ओळ क्रमांक राखणाऱ्या जी पर्यायाने कंपाइल करून व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली चालवा. ‘इनव्हॅलिड फ्री’ आलं तर ओळ क्रमांकही मिळतो.

सोर्सच हरवलाय आणि हातात फक्त जुनी स्टॅटिक लायब्ररी (आधीच कंपाइल केलेल्या कोडचा गठ्ठा) आहे? फाइलीतली फंक्शनची नावं दाखवणाऱ्या एनएम कमांडला यू पर्याय देऊन तिला सीफ्री लागतंय का ते तपासा. लागत असेल तर स्वतःच्या फाइलीत सीफ्री नावाचं, एक पॉइंटर घेऊन तो फ्रीला देणारं छोटं फंक्शन लिहून सोबत लिंक करा.