शेअर्ड फोल्डर उघडत नाही? आधी एरर वाचा

घरच्या सर्व्हरवरचा फोल्डर उघडेनासा झाला की बहुतेक जण आधी राउटर रीस्टार्ट करतात, मग सर्व्हर, आणि तरीही जमलं नाही तर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सगळ्यांनाच, फुल कंट्रोल देऊन मोकळे होतात. यातलं शेवटचं करूच नका. काय बिघडलंय ते एररच्या मजकुरातून बरंचसं कळतं. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असं येत असेल, तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही. ‘ॲक्सेस डिनाइड’ येत असेल किंवा पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जात असेल, तर नेटवर्क ठीक आहे. मग थेट पायरी ३ वर जा.

पायरी १ : नावाऐवजी आयपी वापरा
विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश टाइप करून पुढे सर्व्हरचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेन्यूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. फोल्डर उघडला, तर गडबड फक्त नाव ओळखण्यात आहे. राउटरमध्ये सर्व्हरसाठी डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे आयपी बदलणार नाही, आणि शॉर्टकट आयपीचाच ठेवा. ‘नेटवर्क’मध्ये सर्व्हरचा आयकॉन दिसत नाही म्हणून डोकं खपवू नका, आयकॉन नसतानाही फोल्डर उघडू शकतो.

पायरी २ : आयपीनेही उघडत नसेल तर
लॅपटॉप गेस्ट वायफायवर आहे का किंवा व्हीपीएन चालू आहे का, ते बघा. मग सर्व्हरला पिंग करा, म्हणजे ‘पिंग’ कमांड देऊन तो उत्तर देतो का ते बघा. उत्तर येतंय पण फोल्डर उघडत नाही, तर संशय फायरवॉलवर किंवा बंद पडलेल्या शेअरिंग सर्व्हिसवर (लिनक्सवर साम्बा). शेअरिंगसाठी टीसीपी पोर्ट ४४५ (डेटा जाण्यायेण्याचा ठरावीक क्रमांकाचा दरवाजा) लागतो. सर्व्हर विंडोजचा असेल, तर नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ झालंय का पाहा आणि ‘प्रायव्हेट’ करा. मात्र ४४५ पोर्ट राउटरवरून इंटरनेटला कधीही उघडा ठेवू नका. २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबीतल्याच, म्हणजे याच फाइल शेअरिंगच्या पद्धतीतल्या, एका त्रुटीतून पसरला होता.

पायरी ३ : पासवर्ड
सगळ्यात जास्त वेळ खातो तो हा भाग. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, त्याची कारणं ठरलेली आहेत. विंडोजने जुना पासवर्ड साठवून ठेवलेला असतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून सर्व्हरची नोंद काढून टाका. दुसरं, विंडोज एकाच सर्व्हरवर एकाच वेळी दोन वेगवेगळ्या युजरनेमने जोडू देत नाही. आधीचं कनेक्शन तोडा किंवा साइन आउट करून परत या. तिसरं, लॉगिनचा पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि साम्बाच्या नेहमीच्या मांडणीत पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा साठवलेला असतो, तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या कमांडने स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

‘कालपर्यंत चालत होतं, अपडेटनंतर बंद’ अशी तक्रार असेल, तर पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून आत जाण्याची सवय नडलेली असू शकते. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत ती वाट मूळ सेटिंगमध्येच बंद आहे. ती पुन्हा उघडण्याच्या युक्त्या सापडतात, पण सर्व्हरवर पासवर्डसह एक युजर तयार करणं कमी कटकटीचं आणि सुरक्षित.

पायरी ४ : परवानग्या
परवानग्या दोन ठिकाणी असतात, एक शेअरची आणि दुसरी डिस्कवरच्या फोल्डरची. दोन्हींपैकी जी कडक, ती लागू होते. म्हणून शेअरवर ‘रीड-राइट’ असूनही फाइल सेव्ह होत नाही. लिनक्सवर वरच्या प्रत्येक फोल्डरलाही ‘एक्झिक्यूट’ परवानगी हवी, नाहीतर आतला फोल्डर मोकळा असूनही उपयोग नाही. युजरला नव्या ग्रुपमध्ये टाकलं असेल, तर आधीचं कनेक्शन तोडून नव्याने जोडा; चालू कनेक्शनला नवा ग्रुप कळत नाही.